पन्नास वर्षांनी येणाऱ्याचा कप

करंजवाडीत सर्वेतात्यांकडे गेलं की चहाचा एक कप जास्त यायचा. मी एकटा गेलो तर तीन कप, दोघं गेलो तर चार.

पहिल्या भेटीत मी दाराकडे बघत राहिलो. कोणी यायचं असेल तर थांबावं, म्हणून कपाला हात लावला नाही. तात्या म्हणाले, "घ्या की. त्यो याया लय टाइम हाय."

"कोण?"

"पन्नास वर्सांनी ह्या गावात ऱ्हानारा."

मी नाव विचारलं. नाव ठाऊक असतं तर मग काय पाहिजे होतं, असं तात्यांनी सांगितलं. "त्यो सभंला येऊ शकत न्हाई. मत मांडू शकत न्हाई. निदान च्या तरी द्यावा का नगं?"

शेजारी एक रिकामा पाट मांडलेला होता आणि त्याच्यासमोर हा कप. आमच्या कपांचे कान आमच्या उजव्या हाताला होते. त्या कपाचा कान पाटाच्या डाव्या हाताला होता. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि दिसेल ते वहीत लिहायची सवय होती. कपाच्या कानाचीही नोंद केली. निघायच्या वेळेला चहा निवला होता. तात्यांनी तो कप उचलला, एका घोटात संपवला आणि म्हणाले, "बगा, त्याच्या वाटनीचं आपुनच पितोय." तेही मी लिहून घेतलं. दोन्ही नोंदींचा अर्थ मला लागला नव्हता.

करंजवाडी कुंडलच्या अलीकडे. तात्या सैन्यात सर्व्हेच्या तुकडीत हवालदार होते, म्हणून सर्वेतात्या. निवृत्त होऊन आले तेव्हा बरोबर एक पत्र्याची पेटी, एक होकायंत्र आणि काही इंग्रजी शब्द घेऊन आले. त्यांतला त्यांचा सर्वांत आवडता शब्द "रिपीट." वायरलेसवर निरोप गेला की पलीकडच्यानं तो पुन्हा म्हणून दाखवायचा, अशी तिकडची शिस्त. तात्यांनी ती गावाला लावली. काहीही सांगून झालं की ते थांबत, समोरच्याकडे बोट करत आणि म्हणत, "रिपीट."

"विहिरीत पानी किती, ते दर आमुशाला मोजून मला सांगायचं. रिपीट."

"दर आमुशाला विहिरीत नारळ सोडायचा," समोरचा म्हणे.

तात्या न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगत. गावातल्या प्रत्येक विहिरीत खुणा केलेला बांबू घालून ते पाणी मोजत. मोजताना जो कोणी भेटेल त्याला विचारत, "तुमचं मत काय?" न्हाव्याला विचारत, मास्तरांना विचारत. एकदा एका म्हशीसमोर ते बराच वेळ उभे होते, पण त्या वेळी त्यांनी काय विचारलं याला साक्षीदार नाही.

माणूस थट्टेवारी नेण्यासारखा होता आणि गाव ते काम मन लावून करत होतं. पण तात्यांना एका गोष्टीची खरीच चिंता होती. गावाबाहेर एक जुनं तळं होतं. दुष्काळात आसपासच्या विहिरींनी तळ दाखवला तेव्हा तळ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी कशाबशा टिकल्या. तात्यांच्या बांबूवर ते सगळं कोरलेलं होतं. आणि आता ते तळं बुजवून तिथे एस. टी. स्टँड आणि गाळे बांधायचं घाटत होतं.

तालुक्याहून कागद आला होता. प्रत्येक गावानं पुढच्या वीस वर्षांचा विचार करून आपल्या गरजा स्वतः ठरवाव्यात, निदान शंभर ग्रामस्थांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत आणि महिनाअखेर पाठवावं. न पाठवल्यास वर तयार असलेला बेत मंजूर समजला जाईल. वरच्या बेतात तळं नव्हतं. तात्यांना शंभर माणसं पाहिजे होती. त्यांच्याकडे एक होतं, तेही पन्नास वर्षांनी येणारं.

पहिल्या सभेची दवंडी तात्यांनी कागदावरच्या शब्दांत दिली : उद्या सकाळी देवळापुढे नियोजनाची सभा, सर्व पुरुषांनी यावं.

त्या काळात खेड्यात नियोजन म्हणजे एकच : नसबंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी करंजवाडीत तरणा पुरुष औषधालाही सापडेना. सगळे उसात. मी सभेची बातमी घ्यायला गेलो होतो. देवळापुढे तात्या, ग्रामसेवक आणि दोन ऐंशीच्या घरातले म्हातारे होते. त्यांतला एक म्हणाला, "आमचं काय करत्यात ते करू द्या. आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

तात्या उसाच्या कडेला उभे राहून ओरडले, "आरं, तसलं नियोजन न्हवं! गावाचं नियोजन!"

उसातून आवाज आला, "समद्या गावाचं एकदम?"

त्यानंतर तात्यांनी तो शब्द टाकला. ग्रामसेवकानं दुसरा सुचवला : आराखडा. यात कोणाला घाबरण्यासारखं काही नव्हतं. तात्यांनी कोतवालाला, म्हणजे गणूला, बोलावून समोर उभं केलं.

"रविवारी देवळापुढं गावाचा आराखडा. रिपीट."

"रविवारी देवळापुढं गावाचा आराखडा," गणू म्हणाला.

तात्यांनी तीनदा म्हणून घेतलं. गणू तिन्ही वेळा चुकला नाही. पण गणूनं आयुष्यात हलगी वाजवून जो शब्द पुकारला होता तो एकच : जत्रेतला आखाडा. कुंडलच्या कुस्त्यांचं वारं आजूबाजूच्या सगळ्या गावांना होतं. हलगी हातात आली आणि जीभ आपल्या वाटेनं गेली.

रविवारी मी पोचलो तेव्हा देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या. देवळाच्या उजव्या बाजूला कुस्तीचा हौदा होता. त्यातली माती कुणीतरी खणून मऊ केली होती. पिंपळाखाली दोन पैलवान अंगाला तेल लावत होते. सगळ्या गावाच्या तोंडावर एकच प्रश्न होता : जत्रा नाही, सण नाही, तात्यानं आखाडा कशाला भरवला?

"पैलं बक्षीस काय हाय, तात्या?" एकानं विचारलं.

"तळं," तात्या म्हणाले.

"तळं घिऊन पैलवान काय करंल, आवं?"

तात्या गोंधळले होते, हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी गणूकडे पाहिलं. गणूनं हलगीकडे पाहिलं. मग तात्यांनी चपला काढल्या, हौद्याच्या मातीला हात लावून कपाळाला लावला आणि बांबू घेऊन आत उतरले. लोकांना वाटलं, पहिली कुस्ती हेच धरणार. काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

तात्यांनी बांबूनं मातीत एक लांब रेघ ओढली. "ह्यो वढा." मग एक गोल. "हे देऊळ." दुसरा गोल. "हे तळं. आनि ही शिरपाची विहीर."

"आवं तात्या!" गर्दीतून शिरपा ओरडला. "माझी विहीर वढ्याच्या पल्याड कवा गेली?"

"मग ये आनि दाव."

शिरपा उतरला आणि विहीर अलीकडे आणली. ती आली ती नेमकी चुलतभावाच्या बांधावर. चुलतभाऊ उतरला. दहा मिनिटांत हौद्यात वीसेक माणसं काठ्या, बोटं आणि अंगठ्यांनी आपापली विहीर, बांध, आंब्याचं झाड मांडत होती आणि एकमेकांची पुसत होती. देवळाच्या ओट्यावर बायका उभ्या होत्या. त्यांतली चंद्राक्का नावाची म्हातारी बराच वेळ ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"समदी गडीमानसं चुकत्यात. पानी आमी वढतो. तळं भरलं की दोन हप्त्यांत खालच्या आळीला पवऱ्याला दोर कमी लागतू. वरच्या आळीला न्हाई."

"खालच्या आळीला कुठवर, मावशी? रिपीट."

"रिपीट तुझं तुझ्यापाशी. कासाराच्या विहिरीपातूर."

तात्यांनी तळ्यापासून कासाराच्या विहिरीपर्यंत रेघ ओढली. ही रेघ गेली कित्येक वर्षं ते बांबूनं शोधत होते. रेघेखाली गावातल्या अर्ध्या विहिरी येत होत्या. मग कुणीतरी म्हणालं, "म्हंजी तळं बुजलं तर..." आणि ते वाक्य पुरं करायची कुणाला गरज वाटली नाही.

ग्रामसेवक नकाशा उतरवून घ्यायला कागद आणायला धावला. पैलवान मात्र ताटकळले होते. लांबून चालत आलो आहोत, जोड लागल्याशिवाय जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. गर्दीचंही तेच मत पडलं, आणि मतापुढे तात्यांचा नाइलाज होता. हलगी कडाडली. ग्रामसेवक कागद घेऊन परत आला तेव्हा करंजवाडीच्या पुढच्या वीस वर्षांवर दोन पैलवान लोळत होते. ओढा एकाच्या पाठीला लागला होता, देऊळ दुसऱ्याच्या गुडघ्याला.

"आता वो, तात्या?" ग्रामसेवक रडकुंडीला आला.

तात्या ओट्यावर चढले आणि सगळ्या गावाकडे बोट करून म्हणाले, "रिपीट!"

गावानं सांगितलं. एकानं ओढा सांगितला, दुसऱ्यानं बांध, चंद्राक्कानं रेघ. ग्रामसेवक लिहीत गेला. त्या गावात सांगितलेलं तसंच्या तसं परत आल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दिवस मावळायच्या आत शंभराच्या वर अंगठे झाले. पैलवानांनीही उठवले, ते दुसऱ्या गावचे आहेत हे नंतर लक्षात आलं आणि दोन अंगठे खोडावे लागले.

मी सविस्तर बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी ती क्रीडावृत्तात आली : "करंजवाडीत तळ्यासाठी आखाडा, कुस्ती निकाली." आमच्या टेबलावरच्या उपसंपादकांनाही कुंडलचं वारं होतं. ग्रामसेवकानं ते कात्रण लोकसहभागाचा पुरावा म्हणून आराखड्याला टाचलं आणि सगळं वर पाठवलं.

वरच्यांनी आराखडा वाचला नसावा, कात्रण वाचलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. नियोजित स्टँडच्या जागेवर कुस्तीचा जुना आखाडा असल्याचं वृत्तपत्रावरून कळतं; जागेच्या वापराबाबत चौकशी पुरी होईपर्यंत तिथे कोणतंही काम करू नये.

चौकशीसाठी एक अधिकारी जीप घेऊन आले. मीही गेलो. ते तळ्याच्या काठावर उभे राहिले, समोर पाण्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"आखाडा कुठं आहे?"

शिरपा म्हणाला, "पान्याखाली, सायेब. उन्हाळ्यात या."

अधिकाऱ्यांनी तसं लिहून घेतलं. माझ्या माहितीप्रमाणे चौकशी कधीच पुरी झाली नाही आणि तळं अजून आहे.

त्या दिवशी अधिकारी तात्यांकडे चहाला आले. कप आले चार. अधिकाऱ्यांनीही दाराकडे पाहिलं, आणि विचारलं, "हा कुणाचा?"

काकी, म्हणजे तात्यांची बायको, ट्रे ठेवून उंबऱ्यात थांबल्या होत्या. तात्या लगेच म्हणाले, "पन्नास वर्सांनी ह्या गावात ऱ्हानारा. त्याचा." आणि मग सगळं सांगितलं : तो सभेला येऊ शकत नाही, मत मांडू शकत नाही. अधिकारी हसले. काकी आत गेल्या.

जीप गेली. मी वही उघडून बसलो होतो. आता आराखडा पार पडला होता, वर्षभरातल्या सगळ्या नोंदी जुळत होत्या, एक सोडून. मी विचारलं, "तात्या, पन्नास वर्षांनी येणारा माणूस डावरा आहे, हे तुम्हांला कसं कळलं?"

तात्यांनी कपाकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

"म्हादू डावरा हुता," ते हळू म्हणाले.

म्हादू त्यांचा मुलगा. एकुलता. एकाहत्तरच्या लढाईवर गेला, आणि तार आली ती बेपत्ता म्हणून. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.

"तार आली त्या दिसापासनं ती एक कप जास्त वतती. मी काय बोललो न्हाई. एकदा एक पावनं आलं. त्यानी इचारलं, ह्यो कुनाचा? तिच्या तोंडाकडं बघवंना, गड्या. तोंडाला आलं ते बोललो. पन्नास वर्सांनी येनाऱ्याचा. पावनं हसलं. मला हसलं, तिला न्हाई. मग दर पावन्याला त्येच."

त्यांनी भिंतीला टेकवलेल्या बांबूकडे पाहिलं.

"आनि एवढ्यांदा सांगितल्यावर मग त्याच्यासाठी पानी राखाया नगं व्हय?"

ते "रिपीट" म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले नाहीत. मी वही मिटली, आणि मिटताना माझा हात लागून त्या कपाचा कान उजवीकडे फिरला.

आत भांड्यांचा आवाज थांबला. काकी बाहेर यायच्या आत तात्यांनी कप पुन्हा डावीकडे वळवून ठेवला.