सलीम मिस्त्रीचा वर-खाली हात

चहा पितानाही ज्याचा उजवा हात हलत राह्यते असा माणूस आमच्या मारेगावात एकच, शेजारचा सलीम मिस्त्री. तेलाच्या डब्याच्या झाकणातून कापलेली, गिटार छेडायची नखी चिमटीत धरायची आणि हात हवेत वर-खाली, वर-खाली. कप डाव्या हातात.

कापसाचे ते वाईट दिवस होते. सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी बंद पडली आणि तिथला हा फिटर घरी बसला. मग त्यानं माळ्यावरची गिटार काढली. वणीच्या एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जागा होती. मालकानं ऐकून सांगितलं, "हात साफ आहे मिस्त्री, पण लय धीमा. दिवाळीनंतर भरभर वाजवून दाखव, जागा तुझी."

आमची भिंतीला भिंत. रोज ऐकू यायचं, टण्... टण्... दोन सुरांच्या मधात माझं पान लावून व्हायचं.

मी ओरडायचो, "मिस्त्री, पळव ना बे जरा!"

"पयले सफाई, काकाजी, मंग रफ्तार. सूर तुटला का पुन्हा एकपासून."

एकदा चहाच्या वेळी त्याची चिमटी पाहून मी म्हटलं, "नखी काहून इतकी आवळून राह्यला? बोंड आवळून कापूस वेचला तर कचरा येते. मनगट ढिलं सोड."

चाळीस वर्षं कापूस वेचला मी. पण त्यानं तोंड फिरवलं, आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी दुपारी ऐकलं, तर हात असा सुटला होता, जशी तेलात मोहरी. एकही सूर तुटला नाही. ऐकलं माझंच होतं, पण कबूल करंल तो मिस्त्री कसला!

दिवाळी झाली. हा वणीला गेलाच नाही, जागा दुसऱ्याले भेटली. मी तणतणत त्याच्या घरात घुसलो.

खाटेवर त्याची बायको, जुबेदाभाभी होती. लकव्यानं तिचा उजवा हात गेला, त्याले वर्ष झालं होतं. त्याच हाताचं एक बोट खाटेच्या लाकडावर हळूच पडे, आणि मिस्त्री तेवढाच एक सूर देई. बोट थांबलं की हाही थांबे.

"डॉक्टर बोलला, बोट हलवत राहा," मिस्त्री म्हणाला. "नुसतं सांगून हलवत नाही ती. बाजा असला का हलवते. लग्नं म्हणजे चार-चार दिवस बाहेर, काकाजी. तवर हिचं बोट पुन्हा झोपलं तर?"

मी खाली बसलो.

तेवढ्यात भाभीचं बोट पटपट दोनदा पडलं. मिस्त्री मागं राहिला. त्यानं नखी सावरली.

"जरा थांब ना, जुबेदा," तो म्हणाला, "मले गाठू तर दे."