ताणावर हाये!

दौलतभाऊंसमोर कुठलीही वस्तू मेली म्हणायची सोय नाही. आमच्या पंख्याची मोटर जळली, खोलीभर धूर झाला. हे शेजारून धावत आले आणि मी "मेला हा पंखा" म्हणताच माझ्यावरच तापले. "मेला काऊन म्हणता, मास्तर? ताणावर हाये तो. सबर ठेवा." मी उकाड्यात थोडी सबर ठेवली, मग नवा पंखा आणला. जुना ते घरी घेऊन गेले. तो अजून ताणावर आहे.

ताण हा संत्र्याच्या बागेतला शब्द. आमच्या पांढुर्ण्यात तो सगळ्यांना ठाऊक; बाहेरच्यांसाठी सांगतो. थंडीत झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, गळतात. नवखा माणूस बाग गेली म्हणून हळहळतो. मग पाणी सोडलं की ताण तुटतो आणि बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. दौलतभाऊंची बाग तिगावच्या वाटेवर आहे, आणि जगातलं प्रत्येक दुखणं त्यांनी त्या बागेच्या हिशेबात बसवून टाकलंय.

त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद आहे. सेल टाका म्हटलं तर म्हणतात, "आत्ता टाकला तं बहार कच्चा येईन." पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा चौकात पेढे वाटत फिरले. "पाहा, गाव ताणावर होतं. फुटलं का नाही?" एकदा मात्र मार खाता खाता वाचले. गल्लीतले एक म्हातारे वारले, तिरडी बांधणं चाललं होतं, आणि यांनी थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "रडू नको बाप्पा. बुढा ताणावर गेला." मी दंडाला धरून त्यांना घरी आणलं.

याच हिशेबानं त्यांनी पोटची लेकही ताणावर ठेवली होती.

सुषमा एकुलती एक. नागपुरात नोकरीला लागली, तिथंच आपल्या मनानं लग्न केलं. दौलतभाऊंनी बोलणं तोडलं. तिचा फोन आला की ठेवून द्यायचे. तिची आई, कांतावहिनी, शेवटच्या आजारात लेकीचं नाव घेत गेल्या, तरी यांनी तिला कळवलं नाही. सगळं आटोपल्यावर ती आली आणि दारातूनच परत गेली. मला त्यांचा संताप आला होता. तसं बोललोही. तर म्हणाले, "पाणी तोडल्याबिगर बहार येते का, मास्तर? येईन ते, आपल्या पायानं येईन."

ती आली नाही. पुढं फोनही बंद झाले.

यंदा संत्री तोडायला आली तेव्हा एका सकाळी दौलतभाऊ थैली भरून स्टेशनाकडं निघाले. "नागपूरले जाऊन राहिलो," एवढंच म्हणाले. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी परत आले ते थेट आमच्या ओट्यावर बसले.

"भेटली सुषमा?"

"नात हाये मले, मास्तर. शाळेत जाते. दार तिनंच उघडलं. मी म्हटलं, मी तुहा आजा. तं म्हणते कशी, माझे आजोबा तर मेले. आईनं सांगितलं."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

"मी म्हटलं, मेलो नाही बाई. ताणावर होतो."

"आणि सुषमा?"

"आली नं. बसा म्हणे. संत्रे ठेवून घेतले. पाऊसपाण्याचं बोलली जी, पावण्यासंग बोलावं तसं." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा उगाच नीट केला. "पाणी नाही विचारलं, मास्तर. बसलो होतो मी बराच वेळ."

मी आत जाऊन गडू भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, पण तोंडाला लावला नाही.

"एक सांगा. ताण लय झाला तं झाड फुटते का मंग?"

फुटत नाही, उभं वाळतं. हे मला त्यांनीच बागेत नेऊन दाखवलं होतं.

"फुटतं हो, भाऊ," मी म्हणालो. "येत्या रविवारी पुन्हा जाऊ. मी येतो तुमच्यासोबत."

"खोटं बोलून राहिले तुमी," दौलतभाऊ म्हणाले, आणि गटागटा सगळं पाणी प्यायले.