न चमकणारं बियाणं

दर्यापूरच्या नासिरभाईंच्या दुकानातलं कपाशीचं बियाणं उगवत होतं, याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. अडचण एवढीच होती, की ते चमकत नव्हतं.

बोगस बियाण्यापायी वऱ्हाडात सालोसाल दुबार पेरण्या होत होत्या. म्हणून कृषी खात्यानं ठरवलं, की अस्सल बियाण्याला एक पावडर चोळायची. अतिनील दिव्याखाली लाल चमकेल ते खरं. ही पावडर अमरावतीच्या प्रयोगशाळेत खुद्द नासिरभाईंच्या लेकीनं, नगमानंच तयार केली होती. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण आणि त्यांत ऑक्सिजनशी जोडलेलं युरोपियम नावाचं दुर्मीळ मूलद्रव्य. "अब्बा, उजेड गिळते ऑक्सिजन, आपला इलेक्ट्रॉन देते युरोपियमले, अन् चमकते युरोपियमच," तिनं समजावलं होतं.

"म्हणजे आपल्या खात्यासारखंच," नासिरभाई म्हणाले होते.

पावडर बियाण्याच्या कंपन्यांपर्यंत अजून पोचायची होती. परिपत्रक मात्र पोचलं. पेरणी तोंडावर आली असताना निरीक्षक केशवराव बॅटरीवरचा अतिनील दिवा घेऊन दुकानात आले. अंधाराची सोय भारनियमनानं केलीच होती. दिव्याखाली बियाणं काळं ठिक्कर राहिलं. केशवरावांचा शर्ट तेवढा निळाशार झळकला.

"बोगस," केशवराव म्हणाले.

नासिरभाईंनी ओलं गोणपाट उलगडलं. कोंब तरारून आले होते. "साहेब, उगवून राहिलं ना!"

"उगवणं ही पुढची बाब आहे. परिपत्रकात तिचा उल्लेख नाही. आठवड्यात चमकलं नाही, तर दुकानाला सील."

घरी आलेली नगमा आतून धावत आली. "साहेब, पावडर मीच बनवली. बियाणं खरं का खोटं, हे पावडर वयखत नाही. दगडाले लावली तर दगडबी चमकते."

"आपण संशोधक, त्यात दुकानदाराच्या कन्या. आपलं मत ग्राह्य धरता येत नाही."

ते गेल्यावर नासिरभाईंनी हळूच विचारलं, "बेटा, साहेबाचा शर्ट काहून चमकला?"

"धुण्याच्या पावडरीनं, अब्बा."

पुढच्या तपासणीला नासिरभाईंनी पुढं केलेलं एक पोतं निळं चमकलं. नगमाला राहवलं नाही. "युरोपियम लाल असते, साहेब!"

"चमकणे आवश्यक. रंगाबाबत परिपत्रक मौन आहे," म्हणत केशवरावांनी पोत्यावर शिक्का मारला. दुकान वाचलं. नासिरभाईंनी ते पोतं कोपऱ्यात सरकवलं. साबणाचं बियाणं विकण्याइतके ते निगरगट्ट नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, पुंजाराम आला. नासिरभाईंनी त्याला कोंब दाखवले, निळ्या पोत्याची सगळी हकीकतही सांगितली. पुंजारामनं कोंब बोटानं चाचपले, मान डोलवली.

"हे उगवते, भाई. खरं हाय."

"मंग बांधून देऊ?"

"नाही. ते चमकते ते द्या."

"अगा, ते साबणाचं हाय! साबणानं कोंब जळते, वावर रिकामं राहील तुयं!"

"साहेबानं पास केलं ना?" पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं स्वतःच कोपऱ्यातलं पोतं खांद्यावर घेतलं.

पुंजारामला खुशाल हसावं. फक्त आपल्या मुलांची शाळा ठरवताना आपण आत काही उगवतंय का ते पाहिलं होतं, की फाटकावरची रोषणाई, तेवढं आठवून मग हसावं.