परबांचं 'च्च'

आमच्या सोसायटीतले परब बोलतात कमी आणि 'च्च' करतात जास्त. जीभ दातांमागे चिकटवून झटकन सोडली की येतो तो आवाज. तसा तो आपण सगळेच करतो, दूध नासलं की, कुणाचा पाय मुरगळला की. परबांना कारण लागत नाही. चौथ्या मजल्यावरच्या शहांनी नवी गाडी घेतली आणि पेढे वाटले. परबांनी पेढा तोंडात टाकला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि केलं, "च्च." शहा दोन दिवस गाडीत काय बिघडलंय ते शोधत होते.

त्यातही प्रकार आहेत. आखूड च्च म्हणजे लिफ्ट बंद. जोड च्च म्हणजे कुणीतरी हॉस्पिटलात. मान हलवत केलेलं लांब च्च मयतासाठी आणि सुरमईच्या भावासाठी राखीव. माझ्या सासूबाई गुडघ्याची कहाणी सुरू करतात तेव्हा परब योग्य त्या जागी योग्य ते च्च घालत उभे राहतात. "घरात कुणी ऐकतं का एवढं?" असं मग आम्हाला ऐकावं लागतं.

परब एका औषधांच्या गोदामात सुपरवायझर आहेत. मूळचे मालवणकडचे. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण घाबरले किंवा खूश झाले की मालवणीवर येतात. त्यांची बायको सुनीता मस्कतला नर्स आहे. मुलगी सायली शाळेत जायला लागली त्याच सुमारास ती गेली आणि वर्षातून एकदा येते. सायलीच्या वेण्या, डबे, ताप, सगळं परबांनी केलं. आता सायली पंधराची आहे आणि टेबल टेनिस फार चांगलं खेळते. माझी केतकी तिच्याच टीममध्ये आहे, पण फार चांगलं खेळत नाही. हे मी आई असूनही सांगू शकते.

तर मुलींच्या प्रत्येक स्पर्धेला मी आणि परब शेजारी बसायचो. मुलुंडच्या स्पर्धेत घोटाळा झाला. हॉल एकदम शांत, सायलीची सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि आमच्या बाकावरून आवाज आला, "च्च." पुढच्या सर्व्हिसलाही तेच. अंपायरनी खेळ थांबवून परबांकडे बोट दाखवलं. समोरच्या मुलीची आई मला म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना आवरा ना." मी म्हटलं, "ते माझे मिस्टर नाहीत. माझे असते तर आत्तापर्यंत आवरले असते."

हरल्यावर सायली बापावर भडकली. "बाबा, तू ओरड, शिव्या दे, चालेल. ते च्च नको. माझा बॉल नेटमध्ये जायच्या आधी तुझं च्च येतं यार!"

"मुद्दाम नाही गो करत."

"माहीत आहे. म्हणून तर आत येऊ नको."

तेव्हापासून परब हॉलच्या बाहेर बसतात. मुलींच्या टीमची निवड टर्कीतल्या स्पर्धेसाठी झाली तेव्हा त्यांनी पासपोर्ट काढला. सोसायटीत सगळ्यांनी विचारलं की बाहेरच बसायचं तर एवढ्या लांब कशाला? परब म्हणाले, "ती आत, मी बाहेर. एवढं तिला माहीत असलं की झालं."

मुली कोचबरोबर पुढे गेल्या. मागून मी आणि परब निघालो. माझ्या नवऱ्याला रजा नव्हती. "परबांकडे लक्ष ठेव," तो म्हणाला. मी केतकीसाठी चालले होते, परबांसाठी नाही, पण बोलले नाही. विमानतळावर उशीर नको होता.

पहिला अडथळा तिथल्या इमिग्रेशनला आला. काउंटरवरच्या अधिकाऱ्याच्या बोटाला मोठं बँडेज होतं. त्याने परबांना विचारलं, स्पर्धेला आलात का? परबांची नजर बोटावर. "च्च." अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या. मग फिरायला आलात? त्याने पासपोर्टचं पान उलटलं, बोट दुखलं, त्याचा चेहरा वाकडा झाला. "च्च च्च." परबांना शेजारच्या खोलीत नेऊन बसवलं. मी आमंत्रणाचं पत्र, मुलींचे फोटो, परतीचं तिकीट असं सगळं दाखवून त्यांना सोडवून आणलं.

"काय बोललात तुम्ही त्याला?"

"काय नाय ओ, वहिनी! बिचाऱ्याचा बोट चेचलेला."

हॉटेलात नाश्त्याला एक वयस्क बाई लंगडत लंगडत चहाची किटली घेऊन फिरायची. चहाला तिथेही चायच म्हणतात. ती परबांपाशी येऊन विचारायची, "चाय?" परब तिच्या पायाकडे बघून च्च करायचे आणि ती किटली घेऊन पुढे जायची. दुसऱ्या दिवशीही तेच. "हयली माणसा चिकट," परब मला म्हणाले. "च्या दाखवतत आणि परत घेऊन जातत." मी माझा चहा संपवला. मला वाटलं, यांनाच नको असेल.

तिसऱ्या दिवशी सायलीची उपांत्य फेरी होती. केतकी पहिल्याच फेरीत हरून मोकळी झाली होती आणि टाळ्या वाजवायला आधीच जाऊन बसली होती. आम्ही बसमध्ये चढलो. मी मागे बसले, परब ड्रायव्हरच्या शेजारी. हॉलच्या स्टॉपवर ड्रायव्हरने परबांना खुणेने विचारलं, इथे उतरायचं ना? तेवढ्यात बाहेर एक माणूस सायकलवरून पडला. परबांनी केलं, "च्च." ड्रायव्हरने बस पुढे काढली. मी मागून ओरडले, पण शेवटचा स्टॉप येईपर्यंत ती थांबली नाही. शेवटचा स्टॉप म्हणजे मासळी बाजार.

मॅच सुरू व्हायला आलेली, परतीची बस दिसत नाही, आणि परब मासे बघतायत. "ताजो आसा ओ, वहिनी." विक्रेत्याने भाव सांगितला. परबांनी मान हलवत लांब च्च केलं. विक्रेत्याने भाव उतरवला. परब चकित होऊन पुन्हा च्च करते झाले. भाव आणखी उतरला. शेवटी त्याने वैतागून मासे पिशवीत कोंबले आणि पिशवी परबांच्या हातात दिली.

शेजारी उभी असलेली एक मुलगी हसत होती. तिला इंग्रजी येत होतं. "तुमचे हे फार कडक सौदा करतात," ती म्हणाली. "सगळ्याला नाहीच म्हणतात."

"नाही कुठे म्हणाले?"

"हे काय?" तिने भुवया उंचावून जीभ वाजवली. "आमच्याकडे याचा अर्थ नाही."

मला अधिकारी आठवला, मग किटली, मग बसचा ड्रायव्हर. मी परबांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि केलं, "च्च."

टॅक्सी करून आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा मॅच सुरू झाली होती. दारावरच्या माणसाने पिशवी हुंगली आणि आडवा हात केला. "मी तसोय भायरच बसतलंय," म्हणून परब पायरीवर बसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुनीता होती, व्हिडिओ कॉलवर. ड्यूटी एका मैत्रिणीवर सोपवून मॅच बघायला बसली होती. परबांनी फोन माझ्या हातात दिला. "हिका आत घेऊन जावा."

"आणि तुम्ही? पिशवी टाका ना कचऱ्यात. मी तोंडावर हात ठेवते तुमच्या."

"नको." मग म्हणाले, "हिचो रोज फोन येता. पेशंट गेलो म्हणता, सुट्टी नाय दिल्यानी म्हणता, पाय सुजले म्हणता. हयसून मी काय करतलंय? च्च म्हणतंय. तिका तेवढा बरा वाटता. आता तोंडाक सवय लागली ती जाणा नाय."

मला वेळ नव्हता. मी आत गेले.

केतकीशेजारी बसून मी फोन उंच धरला. पाचवा, शेवटचा गेम चालला होता. दोघी बरोबरीत. सायलीचा एक सोपा बॉल नेटला लागला. हॉल शांत. आणि माझ्या हातातून, मस्कतहून, स्पष्ट आवाज आला, "च्च."

सायलीने झटकन मान वर करून बाकांवरून नजर फिरवली. अंपायरने माझ्याकडे पाहिलं. मी फोनचा आवाज, माइक सगळं बंद केलं, पण उशीर झाला होता. पुढची सर्व्हिस बाहेर गेली, त्याच्या पुढचा बॉलही गेला, आणि मॅच संपली.

फोन तसाच बंद आवाजात धरून मी आधी बाहेर आले. परब उभे राहिले. मी सांगितलं, "हरली. तुमच्या बायकोने वाट लावली. नेमक्या वेळी च्च केलं."

परबांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सायलीक सांगू नको गो," म्हणाले. मला 'गो' ते पहिल्यांदाच म्हणाले.

दार आपटून सायली बाहेर आली. डोळे लाल. "बाबा, तू आत आला होतास ना? मला प्रॉमिस केलं होतंस!"

"होय गो," परब म्हणाले. "इल्लंय मी. चुकला माझा."

मग ती खूप बोलली. परब मासळीची पिशवी धरून उभे होते आणि ऐकत होते. मी बाजूला होऊन फोनचा आवाज सुरू केला. पलीकडून हळूच प्रश्न आला, "वहिनी, माझ्यामुळे झालं का? रागावली का ती माझ्यावर?"

"नाही," मी म्हटलं. "परबांवर रागावली आहे."

"आणि ते काय म्हणाले?"

"चुकलं म्हणाले."

पलीकडे वॉर्डात कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली, आणि सुनीता गेली.