चंद्रीच्या मार्फत आण्णा

माझे थोरले दीर, आण्णा, माझ्याशी कधी बोलत नसत. जे काही सांगायचं ते वासराला सांगत.

यात भांडणबिंडण काही नव्हतं. आमच्याकडं थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. त्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, तिनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, अशी रीत. बाकीच्या घरांत ही रीत मधल्या माणसांवर चालते. सासू असते, नणंद असते, पोरं असतात; निरोप इकडून तिकडं जातात. कळंब्याच्या आमच्या घरात मधलं माणूसच नव्हतं. सासू-सासरे नव्हते, आण्णांची बायको मी यायच्या आधीच वारलेली, आणि आमचे हे सकाळी उद्यमनगरात फौंड्रीत गेले की अंधार पडतानाच परत. उरलो आण्णा, मी आणि गोठा. तेव्हा गोठ्यातलं जे सगळ्यात लहान वासरू असेल, त्याला आण्णांनी मधे घातलं.

"अगं, घरात सांग, दोन पावणं आल्यात. च्या टाक म्हणावं."

"आत इचार जरा, सरपण भिजलं काय गं काल?"

मी कोल्हापूर शहरात, राजारामपुरीत वाढलेली. वासरू मी पाहिलं होतं ते रस्त्यावर, रिक्षाच्या आड आलेलं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाटलं, माझं लग्न वेड्यांच्या घरात लावून दिलं. पण महिनाभरात मीच स्वयंपाकघरातून पळीनं पातेलं वाजवून उत्तरं द्यायला लागले. टण्‌ वाजलं की हो. वाजलं नाही की नाही. वेडेपणात मी कुणाच्या मागं राहिले असं म्हणता येणार नाही.

आण्णांची दुसरी खोड म्हणजे टिचकी. कलिंगड, माठ, धान्याचं पोतं, काही समोर आलं की दोन बोटांनी ठोकून, मान वाकडी करून ऐकायचे. एकदा तर पाहुण्यांच्या देखत आमच्या ह्यांच्या पोटावर ठोकून म्हणाले, "भरलेलं हाय. फुगलेलं न्हाय. काळजी न्हाय." यांनी त्या दिवशी पुढचं जेवण मान खाली घालून केलं.

ही खोड वासरांमुळं लागलेली. रोज संध्याकाळी आण्णा एकेका वासराच्या डाव्या बाजूला उभे राहायचे. शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेच्या हाडापुढं एक खळगा असतो. त्यात हात ठेवायचा, मग टिचकी. गल्लीतलं कुणी गोठ्यात डोकावलं की त्याला धरून शिकवणी सुरू.

"ह्यो खळगा बघ. खळगा हाय तवर वासरू हाय. खळगा भरून वर आला, टिचकी मारल्यावर ढोलावानी वाजला, की पोटात वारा धरला म्हणायचं. पोटभर प्यालेलं वासरू कणकेसारखं लागतंय हाताला. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतंय. बोटालाच कळतंय."

"आण्णा, गोडं तेल पाजलं की उतरतंय की," कुणीतरी म्हणायचं.

"आणि मुंडी वर करून पाजतोस न्हवं? ते तेल फुफ्फुसात गेलं म्हंजे? वाऱ्यानं मरायचं ते तेलानं मरंल! शाना!" आण्णांचा आवाज कळंब्याच्या तळ्यापलीकडं जायचा.

मी दाराआडून हे सगळं ऐकायचे आणि मला हसू यायचं. एका खळग्यावर माणूस किती बोलतो!

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी चंद्री ही कालवड जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिची आई गेली. आण्णांनी त्या पोरीला हातावर वाढवलं. दुसऱ्या गाईचं दूध कोमट करायचं, बादलीत हात घालून तिला बोट चोखायला द्यायचं, बोट चोखता चोखता दूध पोटात. बादली उंच धरायची, घोटाघोटानं पाजायचं. "जनावराला चार पोटं; घाईनं प्यालं की दूध चुकीच्या पोटात जातंय," ते चंद्रीला बजावायचे. "थितं ते नासतंय, आणि नासलं की वारा." म्हणजे मला बजावायचे. सकाळ-संध्याकाळ ते पाजत. दुपारी ते रानात असले तर मी. भीत भीत मीही शिकले. तिच्या खरबरीत जिभेला माझी बोटं लागली की अंगावर काटा यायचा, आणि सोडवतही नसे.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मी चंद्रीला दूध पाजलं आणि मागच्या परसात शेंगा निवडायला बसले. तेवढ्यात आण्णा रानातून आले. चंद्रीनं त्यांचा सदरा चोखायला सुरुवात केली. पोट तुडुंब असलं तरी ती जन्माची उपाशी असल्यासारखीच वागायची.

"दूध मिळालं न्हाय व्हय गं तुला?" आण्णांनी तिला, म्हणजे मला, विचारलं.

मी परसात. पळी स्वयंपाकघरात. टण्‌ वाजलं नाही.

वाजलं नाही म्हणजे नाही. आण्णांनी परत दूध कोमट केलं आणि पोर उपाशी राहिली या कळवळ्यानं बादली खाली ठेवून तिला मनसोक्त पिऊ दिलं. साऱ्या गल्लीला शिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या लाडकीला बघून सगळं विसरला. दुसऱ्या कुठल्या घरात कुणीतरी सरळ हाक मारून विचारलं असतं.

मी आत आले तेव्हा गोठ्यातून धडपड ऐकू आली. चंद्री बसत होती, उठत होती, मागच्या पायानं स्वतःच्याच पोटावर लाथा मारत होती. तोंडातून लाळ गळत होती. डावी कूस अशी वर आली होती की पाठीचं हाड खाली वाटावं. आण्णांनी टिचकी मारली. तो आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. बेंदराला बैलांची मिरवणूक निघते, त्यातला ढोल.

आण्णांनी शेजारच्या पोराला सायकलवरून जनावरांच्या डॉक्टरांकडं पिटाळलं. ते परत आलं ते डॉक्टर फिरतीवर आहेत हे सांगत. चंद्रीनं आता जीभ बाहेर काढली होती. श्वास तुकड्यातुकड्यानं येत होता.

"चंद्रे," आण्णा म्हणाले, आणि त्यांचा तळ्यापलीकडं जाणारा आवाज फाटला होता, "घरात सांग, फळीवरची रबरी नळी उकळल्या पाण्यानं धुऊन आण म्हणावं. आणि तेलाची वाटी."

मरायला टेकलेल्या वासराच्या तोंडून मला निरोप! मी धावले. नळी आणली. आण्णांनी तिचे पुढचे पाय दगडी पायरीवर चढवले होते, म्हणजे वारा पुढं सरकावा, आणि कूस खालून वर चोळत होते. नळी घालायला त्यांना दोन्ही हात हवे होते आणि वासराची मान धरायला दुसरं माणूस.

"चंद्रे, तिला म्हणावं..." ते थांबले. माझ्याकडं वळले. "सुमन! मान धर की! सरळ धर, वर उचलू नको!"

त्यांना माझं नाव माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

मी मान धरली. पदर कुठं गेला कुणास ठाऊक. आण्णांनी नळी बाहेरूनच तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत धरून बघितली, तिथं अंगठा ठेवला, टोकाला तेल लावलं. भोक पाडलेला लाकडाचा तुकडा तिच्या दातांत दिला आणि त्यातून नळी हळूहळू आत. चंद्री खोकली. त्यांनी दुसरं टोक कानाला लावलं आणि क्षणात नळी मागं घेतली. "श्वास लागतुया. फुफ्फुसाची वाट ही. मागं शिकवताना डॉक्टरनी हितंच दटावलंतं मला." मग पुन्हा. या वेळी नळी ढकलली नाही. चंद्रीनं गिळायची वाट बघितली. तिनं गिळलं, तेवढंच त्यांनी सरकवलं. परत गिळलं, परत सरकवलं. बैलाच्या मानेवर जू ठेवणारी ती जाड बोटं, आणि चाल अशी, की झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं काढून घ्यावं. मी माझी भीतीसुद्धा विसरले. असं काम करणारे हात मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही फारसे नाहीत.

आणि फुस्सकन वारा सुटला. सगळा माझ्या तोंडावर. नासक्या दुधाचा तो वास नंतर चार वेळा केस धुतले तरी गेला नाही, आणि खरं सांगते, त्या घटकेला अत्तर वाटला. कूस माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेली. आण्णांचा हात तिच्यावरच होता. हाताखाली खळगा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"मोकळा वारा हुता म्हणून निभावलं," ते म्हणाले. "फेस असता तर नुसत्या नळीनं भागलं नसतं. आता रातपतोर दूध न्हाय. कोमट पाणी, मीठ-साखर."

मी उठायला लागले. "बस," आण्णा म्हणाले. मी उंबऱ्यावर बसले.

"दुपारचं दूध तू पाजलंतंस?"

मी सवयीनं पळी शोधली. हातात काही नव्हतं. "हो," मी म्हणाले.

"मी बी पाजलं."

 चंद्री आपली पायरीचा दगड चाटत होती.

"रीत हाय, चांगली हाय," आण्णा म्हणाले. "खरं माझी ही गेल्यापास्नं दिवसा ह्या घरात कुणी बोलतच न्हाय. भाऊ दमून येतोय, जेवतोय, झोपतोय. माणसाशी बोललं आन् त्यानं उत्तर दिलं न्हाई तर जिवाला लागतंय. वासराचं लागत न्हाय."

 मग आण्णांचं बोलणं सुटलं. बायको कशी हसायची, आंबा कुठं लावायचा मनात आहे, मी आल्यापासून तुळस कशी तरारली, माझे वडील आले होते तेव्हा त्यांना तळं दाखवायचं राहून गेलं. ऊन परसातून भिंतीवर चढलं, गाई हंबरायला लागल्या, तरी ते बोलतच होते. एकेक जुनं, जपून ठेवलेलं.

शेवटी सायकलची घंटी वाजली. आमचे हे आले होते. आण्णा घाईनं उठले, धोतर झटकलं, आणि गोठ्याकडं वळता वळता थांबले.

"लगीन होऊन आलीस त्या सालच्या बेंदराला कटाची आमटी केलतीस," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "लई चांगली झालती. तवाच सांगायचं हुतं."