बाबांचं वेल्डिंग

"रविवारी पेणहून गणपती ह्या जीपमधून आला, तर ठेवू. नायतर सोमवारी भंगारवाला," आदेशने फोनवर बहिणीला सांगून टाकलं.

नूतन जीपकडे बघत राहिली. बाबा गेल्यापासून जीप अष्टमी गावातल्या घरासमोर उभी होती, झोपेत काहीतरी आठवत असल्यासारखी. घरचा पाट पेणला मूर्तिकाराकडे पोचलाही होता. पण गणपती मांडीवर घेऊन जिथे बसायचं, तिथेच पायाखाली रुपयाएवढं भोक पडलं होतं. बाबा छाती काढून म्हणायचे, "हा पत्रा मी जोडलाय. अशी वेल्डिंग कंपनीत व्हायची नाय!" आता नूतनला तो स्वतः जोडायचा होता, तोही बाबांच्याच मशीनसारख्या मशीनने. बाबांचं मशीन मात्र घरात कुठेच सापडलं नव्हतं.

बाबांचे जुने दोस्त विठूकाका यांना घेऊन ती पूल ओलांडून रोह्यात हितेशच्या वेल्डिंग मशीनच्या दुकानात गेली. काळ्या काचेचा मुखवटा लावून हितेशने पाडलेली ठिणगी पाहिली, तर दुकान, रस्ता, माणसं सगळं विरघळलं; उरला फक्त हिरव्या अंधारातला एक चिमुकला सूर्य. बाबा इथेच रमत असतील.

"बाबा कुठलं मशीन वापरायचे?"

हितेशने विठूकाकांकडे पाहिलं. विठूकाकांनी पंख्याकडे पाहिलं.

"जीपवर लावूनच बघू ना ताई," हितेश म्हणाला आणि दोन्ही मशीनं टेम्पोत घालून अंगणात आला.

आधी रॉडचं मशीन लावलं. पत्रा पातळ, रुपयाएवढं भोक पुरीएवढं झालं.

"ह्याला वायरचं लागंल, गॅसवालं," हितेश म्हणाला.

ते लावताच शेजारच्या वैशालीचा आवाज आला, "नूतन, लाइट मिणमिणतेय गो! माझं वाटण मिक्सरात अडकलंय!" त्यात नदीवरून वारा सुटला, जोडाला झाकणारा गॅस उडून गेला आणि जोड आंबोळीसारखा जाळीदार झाला. पुरीची आता ताटली झाली होती.

"रंग खरवडायला हवा. वेल्डिंगला कोरं लोखंड लागतं," हितेशने ग्राइंडर लावला.

"नको रे," विठूकाका पुटपुटले.

काळा रंग उडाला. त्याखालून करड्या एमसीलचा पोपडा निघाला आणि त्याखाली शेंगदाण्यांचं चित्र उगवलं. गोडेतेलाचा डबा. कापून, ठोकून, चिकटवलेला.

"काका?"

"तुझ्या बाबानं मशीन कधी घेतलंच नाय गो," विठूकाका खाली बघत म्हणाले. "आम्ही दर शनिवारी हितेशकडं जायचो. मशीन बघायचो, मुखवटा लावायचो, चहा प्यायचो, परत. मला वाटलं, तू तरी घेशील."

नूतन शेंगदाण्यांकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. बाबा गेल्यापासून त्या अंगणात कुणी हसलं नव्हतं. वैशाली काळजीने कुंपणावरून डोकावली.

"वैशाली, तेलाचा रिकामा डबा हाय का गो?"

रविवारी आदेश जीप चालवत होता. रुमालाने तोंड झाकलेला गणपती नूतनच्या मांडीवर, पायाखाली नवाकोरा काळा रंग. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. दोन्हीकडची भातं हलकेच डोलत होती. आदेशने पाय आपटून पाहिला. पत्रा हलला नाही.

"भारी वेल्डिंग झालीय ताई. अगदी बाबांसारखी. राहू दे जीप." मग म्हणाला, "मशीन कुठलं घेतलंस?"

नूतनने गणपतीचा रुमाल सारखा केला.

"अजून बघतेय," ती म्हणाली. "दर शनिवारी जावं लागेल."