टेकडीला विचारलेले प्रश्न

नांदखेडच्या टेकडीला एक सहायक हवी होती आणि तिने तशी जाहिरात दिली होती. मुलाखत पायथ्याशी, करंजाच्या झाडाखाली ठेवली होती.

हेमलता शिरसाट बरीच आधी जाऊन पोचली. दूधसंघ बंद पडल्यापासून ती भावाकडे राहत होती. आधीच्या दोन मुलाखतींत शेवटी "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं विचारल्यावर तिने घाईघाईने "नाही" म्हटलं होतं आणि दोन्हीकडून पुढे काही कळलं नव्हतं. निघताना वहिनी डबा हातात देत म्हणाली, "वन्सं, आज नाही म्हणू नका. विचारा काहीतरी. समोरच्याला बरं वाटतं." वहिनीने अलीकडे नोकरीची चौकशी करणंच सोडून दिलं होतं. हेमलताला त्याचाच जास्त धसका होता.

टेबलामागे नगरपालिकेचे आस्थापना अधिकारी पाटणकर बसले होते. त्यांच्यामागे टेकडी होती.

"बसा," टेकडी म्हणाली. आवाज खालून आल्यासारखा, पण स्पष्ट होता.

नेहमीचे प्रश्न झाले. शिक्षण, अनुभव, संगणक येतो का. चढ चढताना दम लागतो का, हेही पाटणकरांनी विचारून घेतलं. मग टेकडी म्हणाली, "तुम्हाला काही विचारायचं आहे?"

हेमलताने लगेच विचारलं, "या जागेवर आधी कोण होतं?"

"कुणी नाही. जागा नवीन आहे."

"मग आत्ताच का काढली, मॅडम?"

वरून चार खडे घरंगळत आले. पाटणकरांनी ते न बघताच बुटाने बाजूला सारले.

"एकटीला उरकत नाही हल्ली," टेकडी म्हणाली.

काय उरकत नाही, हे विचारावं असं हेमलताला वाटलं. पण रात्रभर घोकलेला पुढचा प्रश्न जिभेवर येऊन बसला होता. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

पाटणकरांचं पेन थांबलं. हा प्रश्न आपण विचारायचा नसतो, आपल्याला विचारतात, हे हेमलताच्या त्याच क्षणी लक्षात आलं. तिचे कान तापले. आता शब्द मागे घ्यावेत तर तेही बरं दिसलं नसतं.

चहा आला, त्यावर साय धरली.

"ओढ्यापलीकडे," शेवटी टेकडी म्हणाली.

"बाईसाहेब," पाटणकर हलक्या आवाजात म्हणाले, "आपल्या माथ्यावर गावाची पाण्याची टाकी आहे."

"ती घेऊनच जाईन."

"पण विकास आराखड्यात आपण इथे दाखवलेल्या आहात."

"दाखवताना मला कुणी विचारलं होतं?"

पाटणकरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. तसा ठराव दिसत नाही."

"यांनी विचारलं," टेकडी म्हणाली. "शिरसाट, सोमवारपासून या."

नोकरी लागली हे ऐकून वहिनीने शिरा केला. जेवताना भावाने विचारलं, "काम काय आहे?"

"टेकडीकडे."

"ते कळलं. पण करायचं काय?"

हेमलताचा घास हातातच राहिला. तिने सगळी मुलाखत मनात पुन्हा पहिल्यापासून आठवली. इतके प्रश्न विचारले, त्यात हा कुठेच नव्हता. "सोमवारी कळेल," ती म्हणाली. वहिनीने भावाकडे डोळे वटारून पाहिलं आणि हेमलताच्या ताटात आणखी शिरा वाढला.

सोमवारी करंजाचं झाड जागेवर होतं. त्यामागे नुसतं सपाट माळरान होतं आणि तिथे पाटणकर एकटेच उभे होते.

"त्या निघाल्या," ते म्हणाले. "उजाडताच. तुम्ही आलात की मागोमाग पाठवा म्हणाल्या. नळाची माणसं पाइप घेऊन गेली आहेत."

"सर, मी नक्की काय करायचं आहे?"

पाटणकर गोंधळले. "मला वाटलं, तुम्ही त्यांना विचारलं असेल."

आता आणखी कुणाला विचारायचं, ते हेमलताला सुचेना. माळावर रुंद, ओला माग उमटला होता. ती त्या मागावरून चालू लागली. शेतातून एक म्हातारी म्हणाली, "टेकडी ना? अशी सरळ जा बाई. फार लांब नाही गेली." शाळेकडे निघालेल्या एका मास्तरांनीही न थांबता त्याच दिशेला हात दाखवला.

मोठ्या रस्त्याच्या कडेला टेकडी उभी होती. ओढा रस्त्यापलीकडे दिसत होता. माथ्यावरच्या टाकीतून थोडं पाणी सांडलं होतं, आणि रस्त्याने गाड्या एकामागून एक चालल्या होत्या.

"आलात?" टेकडी म्हणाली. "कधीची उभी आहे. कुणी थांबतच नाही."

हेमलताने डबा पिशवीत नीट आडवा ठेवला, पदर खोचला आणि रस्त्यावर उतरली. उसाच्या एका ट्रकने करकचून ब्रेक लावला. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. दुसऱ्या बाजूची एसटीही थांबली.

हेमलताने दोन्ही हात पसरून ठेवले आणि मान मागे वळवली.

"या मॅडम," ती म्हणाली. "सावकाश."